एका ‘न्हाई’ला दिल्लीत मान मिळावा म्हणून

प्रति,
मेहेरबान प्रांतसाहेब,
प्रांत कचेरी, पुणे,
यांचे सेवेशी.

(हा अर्ज आपल्यामार्फत नेहमीच्या रस्त्याने वर वर जात थेट दिल्लीच्या लोकसभेपर्यंत पोचावा, ही पहिली विनंती.)

अर्जदारीण : सोजराबाई, भ्रतार सोनबा भोंडवे (मयत), धंदा शेती व माळवे विकणे, मु. काळेवाडी, पवनेकाठ, जि. पुणे.
अर्ज लिहिणार : ज्योतीराम, अर्जनवीस, मूळचा बार्शीकडचा, हल्ली बैठक चिंचवडास पोस्टाच्या ओट्यावर.

विषय : दिल्लीच्या लोकसभेतील सभासदांची संख्या व त्यांचा अधिकार काळेवाडीच्या गावकीइतका आवरता घेणेबाबत, आणि तसे होईपर्यंत जांभूळमळ्याची मोजणी थांबवणेबाबत.

संदर्भ : १) जमीन संपादनाची जाहीर नोटीस, काळेवाडीच्या चावडीवर डकवलेली. २) आमच्या भागाच्या सभासदांनी लोकसभेत उभे राहून म्हटलेले ‘नाही’.

महोदय,

१. सदर अर्ज बाईंनी तोंडी सांगितला व अर्जनवीसाने लिहिला आहे. बाई एका जागी बसून सांगत नाहीत. दोन वाक्ये सांगतात, उठतात, रस्त्यापर्यंत जातात, नदीच्या अंगाला बघतात, परत येतात आणि “काय लिवलंसा, वाचून दावा” म्हणतात. वाचून दाखवले की “असं नव्हं” म्हणतात. त्यामुळे अर्जात एखादा सांधा नीट बसला नसेल तर तो दोष अर्जनवीसाच्या माथी मारू नये. बाईंच्या जिवाला घोर लागला आहे आणि तो का लागला, हे पुढे येईलच.

२. काळेवाडीस नदीच्या काठाने अर्जदारणीचे रान आहे. त्यास जांभूळमळा म्हणतात. रान मोठे नाही, पण विहीर बारमाही आहे. ती विहीर बाईंनी व त्यांचे यजमान कै. सोनबा यांनी स्वतः खोदली. सोनबा पहार मारीत आणि बाई पाटीने दगड वर ओढीत. गावाने वेड्यात काढले, कारण खाली काळा पाषाण होता. तरी पाणी लागले. त्या पाण्यावर मेथी, वांगी, गवार होते. बाई ती पाटी डोक्यावर घेऊन पिंपरीच्या बाजाराला जातात आणि दिवस कलायच्या आत रिकामी करून येतात. रान सोनबांनी मरायच्या आधीच बाईंच्या नावे केले, त्यामुळे सातबारा बाईंचा आहे. हे रान एका नव्या कारखान्याच्या कामगार चाळींसाठी घ्यायचे घाटते आहे. मोबदल्याबद्दल बाईंची तक्रार नाही, असे अर्जनवीसाने मुद्दाम दोनदा विचारून घेतले. त्या एवढेच म्हणतात, “रान गेलं तर सकाळी उठून म्या जायाचं कुठं?” हा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आहे.

३. आता लोकसभा यात कशी आली ते लिहितो, म्हणजे साहेबांस अर्ज चुकीच्या टेबलावर आला असे वाटणार नाही.

नोटीस चावडीवर लागली तेव्हा हरकत घेण्याची मुदत खाली स्पष्ट लिहिली होती. कचेरीची काही चूक नाही. परंतु त्याच सुमारास आमच्या भागाच्या सभासदांनी दिल्लीत उभे राहून, पडीक माळ शिल्लक असता कारखान्यांसाठी बागायत घेऊ नये, आमचा याला नकार आहे, असे सांगितले. ही बातमी वर्तमानपत्रात आली. चिंचवड स्टेशनाजवळच्या न्हाव्याच्या दुकानात ती मोठ्याने वाचली गेली आणि संध्याकाळच्या आत नदी ओलांडून काळेवाडीस पोचली. गावात आनंदीआनंद झाला. बाईंनी शेजारीपाजारी गूळ वाटला. आणि कोणीही हरकत घेतली नाही. एका माणसानेसुद्धा नाही!

४. साहेब, आपण शिकलेले. आपल्याला हसू येईल. अर्जनवीसालाही आले होते. पण काळेवाडीची गावकी कशी चालते हे कळल्यावर हसू ओसरले. तिथे घरटी एक जागा पारावर असते. ज्याचे रान, त्याची जागा. सोनबा गेल्यापासून त्या घरची जागा बाईंची आहे, आणि पदर सावरून त्या खालच्या पायरीला बसतात. गावकीत हात मोजत नाहीत. एकेकाला विचारतात. सगळ्यांनी ‘व्हय’ म्हटले तर काम पुढे जाते. एकाने जरी ‘न्हाई’ म्हटले तर काम तिथेच थांबते. मग त्याला समजवायचे, त्याचे ऐकायचे, मधला रस्ता काढायचा. तोवर पारावरून कोणी उठायचे नाही, भाकर खायची नाही, पाणीसुद्धा प्यायचे नाही. पाटलाच्या आज्यापासून हे असेच आहे. एकदा बाईंच्या शेजारच्या गोजाबाईच्या सासऱ्याने ओढ्याच्या वाटेवरून ‘न्हाई’ म्हटले, तेव्हा अख्खे गाव रात्र उलटेपर्यंत बसून राहिले आणि शेवटी वाटच वळवली. ती वाट अजून वाकडीच आहे. अर्जनवीसाने ती पाहिली आहे.

तेव्हा आपल्या माणसाने दिल्लीत ‘नाही’ म्हटले म्हणजे काम मोडले, असे गावाने धरले. माणूस प्रामाणिक निघाला. शब्द दिला होता, पाळला. त्याचा दोष कोणीही काढत नाही. पण दिल्लीत त्याच्यासारखे पाचशेच्या आसपास आहेत, आणि एकाने ‘नाही’ म्हटले तर बाकीचे न उठता, न जेवता त्याच्या तोंडाकडे बघत बसतात असे काही नाही, ही गोष्ट काळेवाडीस ठाऊक नव्हती. मुदत टळल्यावर मोजणीदार साखळी घेऊन बांधावर उभा राहिला, तेव्हा ती कळली.

५. मोजणीदार भला माणूस आहे. त्याने सांगितले की गावाने एकमुखाने संमतीपत्र दिले तर मोजणी लगेच सुरू होईल, नाहीतर कागद पुण्यास परत जातील आणि सुनावणी लागेल. कारखान्याच्या माणसांनीही सांगितले की संमती एकमुखाने आली तर घरटी एकाला काम देऊ. झाले! ज्या गावाने गूळ खाल्ला होता त्याच गावाचे मत फिरले. रान जाणारच आहे, निदान पोरे तरी कामाला लागतील, असे म्हणू लागले. त्यासाठी आज सकाळी गावकी बसली. एकेकाला विचारले. सगळे ‘व्हय’. बाईंनी ‘न्हाई’ म्हटले.

तेव्हापासून गावकी बसलेलीच आहे. आपण हे वाचाल तेव्हा काय असेल सांगता येत नाही, पण हे लिहिताना काळेवाडीचे सगळे कर्ते लोक उन्हात, पाण्यावाचून, एका बाईच्या ‘न्हाई’पुढे बसलेले आहेत.

६. मग बाई पारावर बसायच्या सोडून चिंचवडास काय करतात, असे साहेब विचारतील. अर्जनवीसानेही तेच विचारले. कारण आहेत बबनराव. बबनराव हे गावकीतले वडीलधारे पंच. गेल्या साली शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर ते दिल्लीस गेले होते आणि पास काढून लोकसभा वरच्या सज्जातून पाहून आले. तेव्हापासून त्यांचे गावाशी बोलणे वरच्या सज्जातूनच असते. आज दुपार व्हायच्या आत त्यांचा घसा कोरडा पडला आणि ते म्हणाले, “हे असलं आता कुठंच चालत न्हाई. दिल्लीत बगा, मोठमोठी मानसं, पर एवढ्यानं कुनी अडून बसत न्हाई. व्हय म्हननारं किती, न्हाई म्हननारं किती, बगत्यात आन् पुढं जात्यात. आपूनबी हात वर करू. येवढा मोठा देश त्याच्यावर चालतो, तर काळेवाडी चालंना व्हय?”

गावात आजवर हात मोजले गेले नव्हते. आणि यावर त्यांनी जो उपाय काढला तो ऐकून अर्जनवीसाने लेखणी खाली ठेवली होती. बबनराव दिल्लीचे नाव सांगतात. दिल्लीनेच ते हात मोजणे बंद केले तर बबनरावांना नाव सांगायला जागा राहणार नाही. म्हणून दिल्लीला लिहायचे. आणि ते आजच, उन्हे उतरायच्या आत!

अर्जनवीस म्हणाला, बाई, हा अर्ज पुण्यास पोचायलाच किती दिवस लागतील. त्यावर त्या म्हणाल्या, “तुमी लिवा तर. अर्ज गेलाय म्हनून सांगितलं तरी बबनराव जरा दमानं घेतील. ते कागदाला भेत्यात.” यात तथ्य आहे.

७. जाताना पारावरची जागा मोकळी राहिली तर ‘न्हाई’ही मोकळे होते, असा तिथला रिवाज आहे. घरचे माणूस मात्र जागा धरू शकते, आणि जागेवर बसलेल्याचा शब्द तो घराचा शब्द. म्हणून बाईंनी आपला एकुलता एक मुलगा चि. सयाजी यास आपल्या पायरीवर बसवले आहे. सयाजी जाणता आहे, रानात बाईंच्या बरोबरीने राबतो. आईने बस म्हटल्यावर तो मुकाट्याने बसला. “फकस्त बसून ऱ्हा. इचारलं तर न्हाई म्हन. दुसरं कायबी बोलू नगंस,” एवढे सांगून बाई निघाल्या, आणि नदीच्या उतारातून लुगडे वर खोचून तशाच ओल्या पायांनी इथे आल्या. तेवढ्या बाबतीत त्या निर्धास्त आहेत.

८. तरी लोकसभेत खालीलप्रमाणे सुधारणा व्हाव्यात. अर्जनवीसाने यातल्या काहींना विरोध केला. विरोधासह लिहितो, कारण बाईंचे म्हणणे असे की ‘नाही’ कोणाचेही असो, कागदावर आले पाहिजे.

अ) सभासद इतकेच असावेत की एकाने साध्या आवाजात ‘नाही’ म्हटले तर शेवटच्या माणसाला भोंगा न लावता ऐकू यावे. बबनराव सांगतात की तिथे कानाला यंत्रे लावून ऐकतात. बाई म्हणतात, “कानाला यंत्र लावायचं तर शेजारनीला कशाला इचारावं, रेडिवच ऐकावा.” देश मोठा आहे, इतक्या थोड्या माणसांत तो मावायचा नाही, असे अर्जनवीसाने सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, “पाचशात तरी म्या कुठं मावले?”

आ) ज्याचे रान, त्याला समोर बोलवल्याशिवाय त्या रानाविषयी ठराव करू नये. ज्यांना ठराव करायचा त्यांनी आधी त्या रानात येऊन अनवाणी उभे राहावे. यावर अर्जनवीसाने हिशेब मांडून दाखवला की पाचशे माणसे जांभूळमळ्यात उभी राहिली तर मेथी राहणार नाही. बाई म्हणाल्या, मग बांधावर जितके उभे राहतील तितकेच सभासद ठेवावेत. अर्जनवीसाने हे मोठ्या नाखुशीने लिहिले आहे.

इ) ठराव होईपर्यंत कोणी उठू नये, चहा घेऊ नये, पाणी पिऊ नये. बाहेर जाऊन परत आलेल्याची जागा मोकळी धरावी. बबनराव सांगतात की तिथे माणसे आत-बाहेर करीत असतात आणि जागा तरी त्यांचीच राहते. बाईंना हे अजिबात पटत नाही.

ई) एकाने ‘नाही’ म्हटले की काम थांबावे. येथे अर्जनवीसाचा बाईंशी कडाक्याचा वाद झाला. असे झाले तर धरण बांधता येणार नाही, रेल्वे घालता येणार नाही, बार्शीकडच्या दुष्काळातून पोट भरायला आलेल्या माणसाला इकडे कारखानाच दिसणार नाही, आणि मग त्याला ओट्यावर बसून अर्ज लिहायचीही पाळी येणार नाही, असे अर्जनवीस जरा चढ्या आवाजात बोलून गेला. त्याबद्दल दिलगीर आहे. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “थांबावं म्हंजी कायमचं न्हवं वं. ऐकस्तवर थांबावं. ओढ्याची वाट झालीच की. वाकडी झाली, पर झाली.” अर्जनवीसाने पुढचे कलम लिहायला घेतले.

उ) सभासदास त्याच्या माणसांनी जे सांगून पाठवले असेल तेवढेच बोलण्याचा अधिकार असावा. त्याहून एक शब्द जास्त बोलण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने देऊ नये. बाईंनी हे कलम अर्जनवीसाकडून तीन वेळा वाचून घेतले आणि त्या खूश झाल्या. “हे झ्याक जमलं,” असे म्हणून पहिल्यांदाच हसल्या.

९. अर्ज येथे पुरा होत होता. खाली अंगठा घ्यायचा तेवढा बाकी होता. इतक्यात बाईंच्या शेजारीण गोजाबाई काळेवाडीहून धापा टाकत आल्या. त्यांना बघताच बाई ओट्यावरून उतरून सामोऱ्या गेल्या आणि त्यांनी विचारले, “मोजलं का वं हात?”

गोजाबाईंनी सांगितलेली हकीकत अशी. हात मोजले नाहीत. बबनरावांची सूचना इतर पंचांनीच हाणून पाडली, की हे आपल्याकडे चालायचे नाही, बाई येईपर्यंत बसू. मग रिवाजाप्रमाणे पुन्हा एकदा एकेकाला विचारत आले. खालच्या पायरीला आले. सयाजी उभा राहिला. मग म्हणाला, “मला आईगत पाटी वहायची न्हाई. मला कंपनीत जायाचंय. आमच्या घराचं व्हय हाय.”

सगळे एकमुख झाले. गावकी उठली. संमतीपत्रावर अंगठे उठले आणि सयाजीने भोंडव्यांच्या घरातर्फे सही केली, कारण त्याला सही येते. सगळे पाणी प्यायले. सयाजी एकटा तिथेच बसून आहे, पाणीही घेत नाही आणि घरीही जात नाही, असे गोजाबाई सांगतात.

१०. साहेब, ओट्यावर आल्यापासून ही बाई एका जागी बसली नव्हती. हे ऐकून ती ओट्याच्या कडेला बसली ती हललीच नाही. गोजाबाईंनी पाणी आणून दिले ते घेतले नाही. अर्जनवीसाने विचारले, बाई, अर्ज फाडू का?

मग त्या म्हणाल्या, “संख्येचं खोडा. पाचशेचं खोडा, बांधावर मावतील तेवढ्याचंबी खोडा. म्या तर येकच बसवला हुता. आन् त्यो बी पोटचा.”

११. सबब कलम ८ मधील अ व आ अर्जदारीण मागे घेते. सभासद पाचशे असोत की पाच, तिची हरकत नाही. इ व ई यांचाही आग्रह नाही, कारण काळेवाडीस आज सगळे तसेच झाले. कोणी जागा मोकळी सोडली नाही, कोणी पाणी प्यायले नाही, हात मोजले नाहीत, आणि तरी रान गेले. कलम उ तेवढे राहू द्यावे की काढावे, हे विचारले असता बाई म्हणाल्या, “काढा.” अर्जनवीस म्हणाला, का हो, तेच तर नेमके तुमच्या बाजूचे आहे. जागेवर बसलेला सांगितल्यापेक्षा जास्त बोलला. त्या जोरावर संमतीपत्र मोडता येईल, मी लिहितो, बघाच तुम्ही. बाई म्हणाल्या, “त्येला गावासमोर खोटा पाडू व्हय?”

म्हणून कलम उ खोडले आहे. खोडण्यावर अर्जनवीसाची सही आहे.

१२. आता अर्जात दोनच विनंत्या उरतात. एक : जांभूळमळा शेवटी ज्या कागदाने जाईल, त्या कागदावर कोठेतरी, समासात का होईना, एवढे लिहावे की सातबारा जिचा होता तिने ‘न्हाई’ म्हटले होते. त्याने काही थांबणार नाही हे बाईंना अर्जनवीसाने समजावून सांगितले आहे व त्यांना ते समजले आहे. तरी लिहावे.

दुसरी विनंती बाईंनी उठून चालू लागल्यावर, रस्त्यावरून मागे वळून सांगितली, आणि ती सर्वांच्या वर लिहा म्हणाल्या. वर जागा राहिली नाही म्हणून इथे लिहितो. आईने असला अर्ज केला म्हणून कारखान्याने तिच्या मुलाला, सयाजी सोनबा भोंडवे याला, कामावर घेण्यात जराही हात आखडू नये. पोरगा कष्टाळू आहे. सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही.

आपली नम्र,
आणि शेवटचा कागद होईपर्यंत तरी रानाची मालकीण,

सोजराबाई भ्र. सोनबा भोंडवे
(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा. बाई पुढे गेल्यामुळे अर्जनवीसाने नदीच्या उतारापर्यंत मागे जाऊन घेतला.)

ठसा घेतला समक्ष : गोजाबाई, शेजारीण.
लिहिले : ज्योतीराम, अर्जनवीस. लिहिण्याची फी घेतली नाही.

चिंचवड, फाल्गुन महिना, इसवी सन १९५८.

सोबत :
१. चावडीवरील नोटिशीची नक्कल.
२. सातबाऱ्याचा उतारा, बाईंच्या नावचा.